मदत हवी आहे: पाचव्या महिन्यात चांदी भरलेली जुनी दाढ तुटली, आता काय भरून घेऊ?

भांडुपची_सून

नमस्कार मंडळी. तीन रात्री झोप लागलेली नाही, म्हणून लिहायला बसले. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ३१, पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. रविवारी संध्याकाळी दाण्याची चिक्की खाताना उजवीकडच्या खालच्या दाढेत कट्कन आवाज झाला. जीभ लावली तर खड्डा. सातवीत असताना त्या दाढेत चांदी भरली होती, तिचाच तुकडा निघाला. एक तुकडा हातात आला, तुरीच्या डाळीएवढा, एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने अजून चकचकीत. तो टिश्यूत गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवलाय. दुसरा तुकडा चिक्कीबरोबर पोटात गेला, याची मला जवळजवळ खात्री आहे.

सोमवारी घराजवळच्या एका डेंटिस्टकडे गेले. त्यांनी आरशाने बघितलं आणि म्हणाले, "तोंडात अशा पाच चांद्या आहेत. सगळ्यांत पारा आहे. बाळासाठी चांगलं नाही. पाचही काढून पांढरं भरून टाकू, पॅकेजमध्ये करून देतो." मी विचारलं, पांढरं म्हणजे नेमकं काय? "सिमेंट आहे, काही होत नाही." मी परत विचारलं, नाव काय त्याचं? तर सिस्टरने पुढच्या पेशंटला आवाज दिला.

घरी आल्यावर जाऊबाईंनी एक फॉरवर्ड दाखवला की पांढऱ्या फिलिंगमधलं प्लास्टिकसुद्धा बाळाच्या हार्मोन्सवर परिणाम करतं. म्हणजे चांदी नको आणि पांढरंही नको. मग भरायचं काय? सासूबाई म्हणतात, लवंगेचं तेल लाव आणि बाळंतपण होईपर्यंत थांब. पण गार पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जाते.

माझे प्रश्न:
१. पोटात गेलेल्या तुकड्यामुळे बाळाला काही होईल का?
२. बाकीच्या चार दाढा ठणठणीत आहेत. त्यातली चांदी आत्ता काढायची का?
३. तुटलेल्या दाढेत काय भरलं तर सगळ्यात कमी धोका?

आपल्या तोंडात काय भरलंय त्याचं नाव आपल्याला माहीत असू नये, हे मला पटत नाही. कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

चहाखारी

ताई, आधी शांत व्हा. माझ्या मावसबहिणीचं अख्खं फिलिंग वरणभाताबरोबर पोटात गेलं होतं, तीही तेव्हा सातव्या महिन्यात होती. डॉक्टरांनी काहीही दिलं नाही, तुकडा आपोआप बाहेर पडला. मुलगा आता चौथीत आहे. बाकीचं जाणकार सांगतीलच.

डोंबिवलीचा_दंतवैद्य

बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. क्रमाने सांगतो.

आपण ज्याला चांदी म्हणतो ते अमाल्गम. वजनाने साधारण निम्मा पारा, उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. घट्ट झाल्यावर पारा त्या धातूंशी बांधला जातो, थर्मामीटरमधल्यासारखा मोकळा राहत नाही. घासल्यावर, चावल्यावर, गरम प्यायल्यावर त्यातून अगदी थोडी वाफ सुटते, आणि प्रश्न त्या वाफेचा आहे. पाऱ्याची वाफ श्वासातून गेली तर तिच्यातला सुमारे ८० टक्के पारा शरीरात शोषला जातो. पोटात गेलेला धातूरूप पारा जवळजवळ शोषलाच जात नाही. तुमचा तुकडा एव्हाना शौचावाटे निघून गेला असेल. पहिल्या प्रश्नाचं ओझं उतरवून ठेवा.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा, आणि तिथे मी त्या डेंटिस्टशी सहमत नाही. चांदी भरताना आणि चांदी उकरून काढताना सगळ्यात जास्त वाफ सुटते. ती वाफ वारेतून बाळापर्यंत पोचू शकते. म्हणून गरोदरपणात नवी चांदी भरायची नाही, आणि चांगली बसलेली जुनी उकरायचीही नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२० मध्ये हेच सांगितलं: गरोदर, गरोदर राहू इच्छिणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मुलं, विशेषतः सहा वर्षांखालची, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले, यांना अमाल्गम टाळा, पण धड असलेलं फिलिंग वैद्यकीय कारण नसताना काढू नका. पहिलं वाक्य सगळे सांगतात, दुसरं गाळतात.

चार दाढांना हात लावू नका. तुटलेली मात्र लांबवू नका. कीड दातातल्या नसेपर्यंत जाऊन पोचली तर रूट कॅनल, सूज, अँटिबायोटिक असा व्याप वाढेल, आणि आठव्या-नवव्या महिन्यात खुर्चीवर उताणं झोपणंही जमत नाही. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सोयीचा असतो. तुमच्या गायनॅकना कळवून करून घ्या.

पाणीपुरी_विदाऊट_कांदा

डॉक्टरांचा आदर ठेवून विरोध करते. मी तीन वर्षांपूर्वी सगळ्या चांद्या काढल्या आणि माझी डोकेदुखी गेली. युरोपात बंदी घातलीय ती उगाच का? ताई, बाळाचा प्रश्न आहे, काढून टाका.

डोंबिवलीचा_दंतवैद्य

तुमचं डोकं थांबलं याचा आनंद आहे, आणि तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण तुम्ही गरोदर नव्हता, हा फरक मोठा आहे.

बंदीचंही नीट सांगतो. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना अमाल्गम भरू नये, ही तरतूद त्यात २०२२ साली आली. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम जवळपास बंद आहे, आणि करारातल्या देशांनी ते २०३४ पर्यंत थांबवायचं ठरवलंय. यामागचं मोठं कारण म्हणजे दवाखान्याच्या गटारातून आणि स्मशानाच्या धुरातून पारा पाण्यात, माशांत जातो. मिनामाता हे जपानमधलं गावच त्यासाठी ओळखलं जातं, कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांमधून माणसांत गेला होता.

तोंडातल्या चांदीबद्दल म्हणाल तर मुलांवरचे दोन मोठे अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाले. एक लिस्बनचा, ५०७ मुलं, सात वर्षं पाहिली. दुसरा अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा, ५३४ मुलं, पाच वर्षं. चांदी भरलेल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला, पण बुद्धी, स्मरणशक्ती, नसा यांत पांढरं भरलेल्या मुलांपेक्षा फरक दिसला नाही. त्यामुळे घाबरून पाच दाढा एकदम उकरणं मला मान्य नाही. नव्याने चांदी मात्र मीही आता भरत नाही.

भांडुपची_सून

डॉक्टर, खूप खूप आभार. "दुसरं वाक्य गाळतात" हे वाचून नवऱ्यालाही दाखवलं. पहिल्यांदा जरा हलकं वाटतंय. आता पांढऱ्याबद्दल कोणी सांगेल का? सिमेंट आणि प्लास्टिक एकच का?

कल्चर_प्लेट

याचं उत्तर मी देऊ शकते. दातांच्या मटेरियलच्या चाचण्या होतात त्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं काम केलंय.

एकच नाहीत, आणि "पांढरं" या एका शब्दामुळेच सगळा गोंधळ होतो. पेशंटसमोर दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने येतात.

एक, कॉम्पोझिट. राळेसारखं रेझिन आणि त्यात काचेची बारीक पूड. १९६० च्या दशकात बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन काढलं, आजही बरीच कॉम्पोझिट त्याच कुळातली आहेत. निळ्या दिव्याने ते कडक होतं. पण पूर्ण रेझिन कधीच जोडलं जात नाही, थोडं मोकळं राहतं आणि पहिल्या दिवसात लाळेत झिरपतं. तुमच्या जाऊबाईंचा फॉरवर्ड बीपीएबद्दल असणार, म्हणजे प्लास्टिक बनवताना वापरतात ते बिसफेनॉल-ए नावाचं रसायन. बिस-जीएमए बनवताना बीपीए वापरतात, त्याचा अंश मागे राहू शकतो. फिलिंगनंतर काही तास लाळेत त्याचं प्रमाण थोडं वाढतं, मग खाली येतं.

दुसरं, ग्लास आयोनोमर, म्हणजे जीआयसी. हे खरं सिमेंट. विल्सन आणि केंट या दोघांनी लंडनला शोधलं, १९७२ च्या सुमारास बाहेर आलं. काचेची पूड आणि आम्लाचं पाणी कालवायचं, आपोआप घट्ट होतं आणि दाताला रासायनिकरीत्या चिकटतं. साध्या जीआयसीत रेझिन नाही, बीपीए नाही, पारा नाही. वर त्यातून फ्लोराइड सुटत राहतं. ताकद मात्र कमी, चावायच्या दाढेवर झिजतं. एक खबरदारी: "रेझिन मॉडिफाइड" जीआयसीत हेमा नावाचं रेझिन असतं. म्हणून नाव पूर्ण विचारायचं.

आता सुरक्षित म्हणजे काय, हे आमच्या टेबलावरून सांगते. आम्ही मटेरियलची छोटी चकती करायचो, बटणाएवढी. ती ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानाला, द्रवात २४ तास ठेवायची. मग तो द्रव उंदराच्या पेशींवर घालायचा आणि किती जगल्या ते मोजायचं. ७० टक्क्यांखाली गेल्या की ते मटेरियल पेशींना विषारी धरायचं. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशी चांदण्यांसारख्या पसरलेल्या दिसतात, मरायला लागल्या की गोल होऊन सुटतात. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं. पेशींची चाचणी ही पहिली पायरी. पुढे ॲलर्जीच्या, मग प्रत्यक्ष दाताच्या नसेवरच्या चाचण्या असतात. आयएसओ १०९९३ आणि खास दातांसाठी आयएसओ ७४०५ ही मानकं त्यासाठीच आहेत.

आता सासूबाईंच्या लवंगेच्या तेलाबद्दल सांगते. त्यातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवलं की तात्पुरतं सिमेंट होतं, दवाखान्यात येणारा तो लवंगेचा वास त्याचाच. पेशींच्या चाचणीत ते हमखास नापास होतं. पण दातात शंभराहून जास्त वर्षं वापरतात आणि ठणका थांबतो. कारण मध्ये डेंटिनची, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराची, भिंत असते, तिच्यातून अगदी थोडंच नसेपर्यंत जातं. भिंत जाड असेल तर तेच मटेरियल औषध आणि भिंत उरली नसेल तर नसेला त्रास. म्हणून खड्डा किती खोल आहे ते कळल्याशिवाय "हे सुरक्षित, ते घातक" असं कोणी सांगू नये. आणि लवंगेचं तेल कापसाने हिरडीवर दाबून ठेवू नका, कातडी भाजते.

नखशिखांत

हेमाचं नाव आलं म्हणून लिहिते. मी दादरला नेल आर्टचं काम करायचे. जेल नेल्समध्येही हेमा असतं. दोन वर्षांत माझ्या बोटांची टोकं फुटायला लागली, हातमोजे घालूनही, कारण पातळ लॅटेक्समधून ते काही मिनिटांत आरपार जातं. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी चिकटवून ॲलर्जी बघतात ती) केली आणि सांगितलं की आता दात भरताना आधी डेंटिस्टला सांगायचं. ताई, तुम्हाला कधी जेल नेल्सने खाज, फोड आले असतील तर हे नक्की सांगा.

माहीमचा_हलवा

मी तर म्हणतो आधी रक्तात पारा तपासा. पॅकेज मिळतात हल्ली.

कल्चर_प्लेट

दादा, रक्तातला पारा बहुतेक वेळा मासे खाण्याचा असतो, तो मिथाइल मर्क्युरी, चांदीच्या वाफेपेक्षा वेगळा. चांदीचा पारा बघायचा तर लघवी तपासतात. भांडुपच्या ताई मासे खात असतील तर रिपोर्टमध्ये आकडा वर दिसेल आणि त्या पुन्हा तीन रात्री जागतील. खरी काळजी घ्यायची तर या महिन्यांत मोरी (शार्क) खाऊ नका, मोठ्या शिकारी माशात पारा साठतो. बांगडा, बोंबील, मांदेली बिनधास्त खा.

भांडुपची_सून

आम्ही मालवणचे, मोरीचं मटण महिन्यातून दोनदा तरी होतं! हे मला एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. आजच बंद. जेल नेल्स लग्नात एकदाच केली होती, काही त्रास झाला नाही.

गोरेगाव_लोकल

सगळ्यांना उगाच काढू नका म्हणताय ते बरोबर, पण माझ्या आईचं वेगळं झालं, तेही नोंदवते. तिच्या गालाच्या आत, नेमकं चांदीच्या दाढेसमोर, पांढऱ्या जाळीसारखा चट्टा आला होता. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. तंबाखू, सुपारी काही नाही. वर्षभर आम्ही व्हिटॅमिनच्या गोळ्या देत बसलो. शेवटी बायोप्सी आणि पॅच टेस्ट झाली, चांदीची लायकेनॉइड रिॲक्शन निघाली, म्हणजे चांदी लागून गालाच्या आतल्या कातडीला आलेली ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया. एकच दाढ बदलली आणि चार महिन्यांत चट्टा गेला. म्हणून गालाच्या आत आरशात एकदा बघा. चट्टा असेल तर तो दाखवलाच पाहिजे.

डोंबिवलीचा_दंतवैद्य

उत्तम मुद्दा. हेच ते वैद्यकीय कारण, ज्यासाठी चांदी काढावी लागते.

भांडुपच्या ताई, तुमच्यासाठी: तुटलेली चांदी सैल असेल तर ती काढावीच लागेल. काढताना या गोष्टी मागून घ्या. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा. भरपूर पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन. चांदी घासून भुकटी करायची नाही, कडेने कापून मोठे तुकडे उचलायचे. मग जीआयसी. खड्डा खोल निघाला तर खाली कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीए नावाच्या सिमेंटचा पातळ थर, नसेच्या संरक्षणासाठी. बाळंतपणानंतर हवं तर वर कॉम्पोझिट चढवता येईल. कॉम्पोझिट कधीही करून घ्याल तेव्हा ते दोन मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला पुरेसा दिवा देऊन भरलेलं असावं आणि शेवटी पृष्ठभाग पुसून, पॉलिश करून चूळ भरायला लावलेली असावी. वरचा चिकट थर हवेमुळे कच्चा राहतो, सगळ्यात जास्त रेझिन तिथूनच सुटतं. घाईत एकदम सगळं भरून दहा सेकंद दिवा मारला, तर चांगल्या कंपनीचं मटेरियलही आतून कच्चं राहतं.

आणि नाव विचारायला संकोच करू नका. ही मटेरियल आपल्याकडे २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रुल्सखाली येतात. डब्यावर कंपनी, बॅच नंबर, मुदत असते. दाखवायला दोन मिनिटं लागतात. पैशाचा प्रश्न असेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जा.

भांडुपची_सून

अपडेट देते, उशीर झाला. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत आणि मी गायब झाले, असं व्हायला नको होतं.

गायनॅकनी लगेच हो म्हटलं. मागच्या गुरुवारी सकाळी ७:१०ची लोकल पकडून गेलो, नवऱ्याने रजा टाकली. केसपेपर, रांग, सगळं मिळून अर्धा दिवस गेला. मला बघणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल, शिकत असलेली, तिच्या मागे मॅडम उभ्या. मी वहीत लिहून नेलेले प्रश्न वाचून दाखवले. वाटलं होतं रागावतील. मॅडमनी वही हातात घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

उजव्या कुशीखाली घडी केलेली चादर सरकवून मला थोडं डाव्या अंगावर झोपवलं, म्हणजे पोटाचा भार शिरेवर येत नाही. तोंडावर हिरवा रबराचा पडदा लावला. त्यातून फक्त ती एक दाढ वर आली होती, मला मोबाइलवर फोटो दाखवला. आजूबाजूचं सगळं तोंड झाकलेलं आणि मधोमध माझी काळवंडलेली दाढ. सक्शनचा आवाज इतका की मॅडम काय म्हणत होत्या ते ऐकूच येईना. चांदीचे तीन तुकडे निघाले. खाली कीड होती, पण नसेपासून लांब, त्यामुळे खालचा थर लागला नाही. साधं जीआयसी भरलं. चोवीस तास त्या बाजूने चावायचं नाही म्हणाल्या.

मी मटेरियलचं नाव विचारायच्या आधीच त्या मुलीने केसपेपरवर लिहिलं होतं: दाढेचा नंबर, मटेरियल, कंपनी, बॅच. मी त्याचा फोटो काढून बाळाच्या फाइलमध्ये ठेवलाय.

चष्म्याच्या डबीतला तुकडा बरोबर नेला होता. मॅडमनी तो हातमोजा घालून उचलला आणि घट्ट झाकणाच्या एका बरणीत टाकला, आत पाण्यात बुडालेले असेच बरेच करडे तुकडे होते. म्हणाल्या, कचऱ्यात टाकला नाहीस हे चांगलं केलंस.

गार पाण्याची कळ तिसऱ्या दिवसापासून बंद आहे. गालाच्या आत टॉर्च लावून बघितलं, चट्टा नाही. बाकीच्या चार दाढांची नोंद केलीय, सध्या हात लावायचा नाही. पुढची तारीख बाळ तीन महिन्यांचं झाल्यावरची दिलीय, तेव्हा जीआयसी झिजलं असेल तर बघू.

एक शेवटचं विचारायचंय. सासूबाईंच्या वरच्या दाढेतही चांदी आहे आणि त्यांना किडनीचा त्रास आहे. वर किडनीचे रुग्ण अमाल्गम टाळा असं आलंय, पण त्यांची चांदी जुनी आणि धड आहे. त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना काय विचारून घेऊ?

डोंबिवलीचा_दंतवैद्य

फार बरं वाटलं वाचून. सासूबाईंना नवी चांदी भरू द्यायची नाही, एवढं पक्कं. जुनी धड असेल तर आधी त्यांचं ताजं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारे रक्ताचे रिपोर्ट) घेऊन नेफ्रॉलॉजिस्टना दोनच प्रश्न विचारा: दाढ बदलायची वेळ आली तर भूल आणि वेदनाशामक कोणतं चालेल, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती बंद करायची का. रात्री दात खातात का तेही बघा, चांदी त्याने जास्त झिजते. रिपोर्ट आले की इथेच टाका, नाव झाकून.